आमच्याकडे महापौर नसतो, नगराध्यक्ष असतो

मांडवीकर | २५ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली म्हणून बहीण मुलाला घेऊन ठाण्याहून आली आहे. तिकडे पंधरा दिवस टीव्हीवर एकच विषय. २९ महापालिकांचं मतदान १५ तारखेला उरकलं, तरी महापौर कोण, कुठल्या प्रवर्गाचा, कोणाच्या पाठिंब्याने, हे दळण सुरूच. काल जेवताना भाच्याने विचारलं, "मामा, तुमचा महापौर कोण?"

म्हटलं, आमच्याकडे महापौर नसतो, नगराध्यक्ष असतो.

"म्हणजे छोटा महापौर?"

आई ताकाचं भांडं पुढे सरकवत म्हणाली, "छोटा कशाला? आमच्या वेळी प्रेसिडेंट बाजारातून चालत निघाला की दुकानदार पायरीवरून खाली उतरायचे."

पोराला पटलं नाही. मग मी माझ्या परीने सांगितलं. महापालिका व्हायला वस्ती साधारण तीन लाखांची लागते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराचे आम्ही ७६,२२९. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे मिळून एकही महापालिका नाही, म्हणजे मंडणगडापासून दोडामार्गापर्यंत शोधलात तरी महापौर सापडायचा नाही. गंमत अशी की 'महापौर' हा शब्द सावरकरांनी दिलेल्या शब्दांपैकी. १९२४ ते १९३७ ते इथे रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीची सगळी खटपट त्यांनी इथूनच चालवली. शब्दाचं माहेर आमच्याकडे, नांदायला तो गेला मुंबई-ठाण्याला.

तर मंडळी, भाच्याचा प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो. नगराध्यक्ष म्हणजे खरंच छोटा महापौर का? आपापल्या गावचे जुने किस्से असतील तर तेही येऊ द्या. सध्या कोण निवडून आलं, कोणाचा गट फुटला, हे मात्र इथे नको. त्यासाठी पारावर जागा आहे.

---

सोलकढी_ज्यादा | २५ जानेवारी, ९.५२

पयलो! खुर्ची पकडून बसलो आहे.

---

नानूचो_झील | २५ जानेवारी, १०.०५

माका एक सांगा, महापौर इलो म्हणून नळाक पाणी येतला काय? आमच्या वाडयेत दोन दिसांनी पाणी येता. तां पयल्यान बघा, मगे तुमचो महापौर.

---

जुना_कारकून | २५ जानेवारी, १०.४८

मांडवीकर, भाच्याला सांगा की प्रकरण उलटं आहे. तीन वेगवेगळ्या नगरपरिषदांत मिळून माझी एकतीस वर्षं गेली. सभा लिहून लिहून बोटाला घट्टा पडलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महापौर हा शहराचा पहिला नागरिक. पाहुणा आला की हार घालायचा, महासभेत वर बसायचं, गोंधळ झाला की सभा तहकूब करायची, मतं समसमान पडली की निर्णायक मत द्यायचं. कारभाराची किल्ली आयुक्तांकडे, आणि आयुक्त सरकारने पाठवलेला. पैशाची वाट स्थायी समितीतून जाते. तिथे सभापती वेगळा, आणि मुंबईत तर महापौरपदापेक्षा त्या खुर्चीसाठी जास्त मारामारी.

आता आपला नगराध्यक्ष बघा. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे स्थायी समितीचा अध्यक्ष तोच. महापौर आणि स्थायीचा सभापती हे दोन्ही एका अंगरख्यात. विषयपत्रिकेवर काय घ्यायचं, सभा कधी बोलवायची, यातही त्याचा शब्द चालतो. कलम ५८ खाली तातडीच्या वेळी, लोकांच्या जिवाचा प्रश्न असेल तर, सभेची वाट न बघता काम करून घ्यायचा आदेश तो देऊ शकतो. नंतर कारणासह सभेपुढे ठेवायचं.

हे कलम मी एकदाच जागेवर वापरलेलं पाहिलं. गावाचं नाव नको. जुलै महिना, रात्रीचे साडेअकरा. मच्छी मार्केटमागची मोरी बसली आणि खालच्या आळीत पाणी शिरायला लागलं. सीओ, म्हणजे मुख्याधिकारी, जिल्ह्याच्या मीटिंगला जाऊन परतीच्या वाटेवर घाटात अडकलेले. अध्यक्ष लुंगी वर खोचून गुडघाभर पाण्यात उभे. जेसीबीवाला शेजारच्या गावचा, तो म्हणे कागद दाखवा, मागच्या वर्षीचं बिल अजून मिळालेलं नाही. मग मी वाकलो, माझ्या पाठीवर पॅड ठेवून अध्यक्षांनी आदेश लिहिला, वर इंजिनिअरने छत्री धरली. बॉलपेन ओल्या कागदावर चालेना, तर समोरच्या औषधाच्या दुकानातून दुसरं आणलं. तो कागद मी फाईलला लावला तेव्हा त्यावर माझ्या सदऱ्याचा निळा डाग होता. ऑडिटला विचारलं, हे काय? म्हटलं, साहेब, पाऊस.

मुंबईचा महापौर असा आदेश लिहीत नाही. त्याच्या वतीने वॉर्ड ऑफिसर असतो, पंपिंग स्टेशन असतं, आपत्ती कक्ष असतो.

---

परशुराम_घाट | २५ जानेवारी, ११.२०

कारकूनसाहेब, लाजवाब. 'साहेब, पाऊस' फ्रेम करून ठेवतो.

थोडा इतिहास माझ्याकडून. १८५० च्या कायद्याने गावांना हवी तर नगरपालिका काढायची मुभा मिळाली आणि १८५२ ला पनवेलने ती काढली. राज्यातल्या सगळ्यात जुन्या पालिकांपैकी ही एक, आणि तीही आपल्या कोकणातली. रत्नागिरी, चिपळूण, वेंगुर्ला या तिघींचं साल १८७६. या सुरुवातीच्या पालिकांत अध्यक्ष बहुतेक सरकारी माणूस. कलेक्टर किंवा त्याच्या हाताखालचा साहेब. गावचे सावकार, वकील, इनामदार हे नेमलेले सभासद. 'होय साहेब' म्हणायचं आणि घरी जायचं. मग १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, १८८४ ला मुंबई इलाख्यात कायदा बदलला, निवडून आलेली माणसं वाढत गेली. मत मात्र कर भरणाऱ्याला, म्हणजे घरवाल्याला. भाडेकरू, कोळी, कुणबी बाहेरच.

पनवेलचं पुढचं वळण तर या धाग्यासाठीच घडल्यासारखं. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. २०१७ ला डॉ. कविता चौतमोल पहिल्या महापौर. १८५२ पासून १६४ वर्षं नगरपालिका आणि मग एकदम महापौर! मला खात्री आहे की पनवेलच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'नगरपालिकेत जाऊन येतो' असंच येत असेल.

---

मांडवीकर | २५ जानेवारी, ११.३३

१८७६ म्हणजे यंदा १५० वर्षं की! हे डोक्यातच आलं नव्हतं. आईला सांगितलं तर म्हणे, "मग पेढे कोण देणार?"

---

मिरामार_वॉक | २६ जानेवारी, सकाळी ७.१५

तुमच्या तीन लाखांच्या नियमाला गोव्यातून हळूच टाचणी लावतो. पणजीची लोकसंख्या २०११ ला चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे तुमच्या रत्नागिरीच्या निम्मी. तरी आमच्याकडे महापौर आहे. २००२ चा पणजी महापालिकेचा स्वतंत्र कायदा, तेव्हापासून. तेरेखोलच्या खाडीपलीकडे यायचा अवकाश, माणूस मोठा होतो.

---

सोलकढी_ज्यादा | २६ जानेवारी, ७.२२

वरचा प्रतिसाद वाचून आमच्या नगरसेवकाने आत्ताच पणजीची गाडी पकडली असावी.

---

चाकरमानी_रातराणी | २६ जानेवारी, १०.१०

मुंबईच्या बाजूने थोडं. आजोबा गिरणीत, वडील बेस्टमध्ये, मी परळला जन्मलो, त्यामुळे महापौर आमच्या घरातला विषय.

'मेयर' हा शब्द मुंबईत फार जुना आहे, पण तो भलत्याच कामासाठी. १७२६ च्या राजाच्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला मेयर्स कोर्ट आलं. एक मेयर, नऊ आल्डरमन, आणि काम न्यायनिवाड्याचं. गटार, पाणी, दिवाबत्ती यांच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. १७९८ ला ते कोर्ट जाऊन रेकॉर्डर्स कोर्ट आलं आणि मेयर हा शब्द मुंबईतून सव्वाशेहून जास्त वर्षं गायब झाला.

पुढे १८६५ ला ऑर्थर क्रॉफर्ड पहिला म्युनिसिपल कमिशनर. माणूस झपाट्याचा. मार्केट बांधलं, रस्ते केले, आणि खर्च इतका की शहराचे करदाते हवालदिल. १८७१ ला त्यावरून रान पेटलं. बहुतेकांचं म्हणणं, कमिशनरच नको. फिरोजशहा मेहता तेव्हा तरणेबांड वकील. त्यांचं म्हणणं वेगळं: कारभार एकाच माणसाच्या हाती ठेवा, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभेचा लगाम हवा. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली आणि १८८८ च्या कायद्याने चौकट पक्की झाली. आयुक्ताच्या हाती किल्ली, महापौराच्या हाती घंटा, ही जी व्यवस्था कारकूनसाहेबांनी वर सांगितली, तिचं मूळ क्रॉफर्डच्या उधळपट्टीत आहे. गावच्या लोकांसाठी जाता जाता: वेंगुर्ल्याच्या बाजाराचं नावही क्रॉफर्ड मार्केटच. सुंगटं घ्यायला जाता ना, तेच.

महापालिकेच्या प्रमुखाला प्रेसिडेंट म्हणत. मांडवीकरांच्या आईंचा शब्द मुंबईतही तोच होता! 'मेयर' हा किताब १९३१ ला परत आला, पहिले मानकरी बोमन बेहराम. पुढे १९४२ ला युसुफ मेहेरअली. 'सायमन गो बॅक' आणि 'क्विट इंडिया' या दोन्ही घोषणा या माणसाच्या. महापौरपदासाठी नाव पुढे आलं तेव्हा ते तुरुंगात होते. पनवेल सोडून गोवा हायवेला लागलात की तारा गावात त्यांच्या नावाचं केंद्र लागतं. गणपतीला जाताना ट्रॅफिकमध्ये तासभर त्याच्यासमोर उभं राहायचा योग आपल्यापैकी पुष्कळांना आलेला असेल.

आमच्या आजोबांना पालिकेच्या निवडणुकीत मत मिळालं १९४८ ला. प्रौढ मताधिकाराची ती पहिली निवडणूक. त्याआधी चाळीचा मालक मतदार आणि चाळीतले दीडशे कोकणी नुसते बघे. आजोबांना राज्य कोणाचं याच्यापेक्षा चाळीचा संडास कोण साफ करणार यात जास्त रस असायचा, असं वडील सांगत. १९५६ ला सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर. आणि आपला अभिमान म्हणाल तर १९७६ चे महापौर मनोहर जोशी, रायगडातल्या नांदवीचे. पुढे ते मुख्यमंत्री झाले.

---

रापण | २६ जानेवारी, १०.४१

सुनील गावसकर पण मुंबईचा महापौर होता ना मधे?

---

चाकरमानी_रातराणी | २६ जानेवारी, १०.४६

तो शेरीफ, १९९४ ला. मराठीत नगरपाल. महापौर निवडून येतो, नगरपाल नेमला जातो. नगरपालाला महापालिकेत ना मत, ना जागा. हा घोळ माझ्या सासऱ्यांचाही कायम व्हायचा.

---

रापण | २६ जानेवारी, १०.४९

म्हणजे नगरपाल नगरपालिकेत नसतो आणि महापौराला महापालिका चालवता येत नाही. सावरकरांना शब्द परत न्यायला सांगा.

---

जुना_कारकून | २६ जानेवारी, ११.३०

एक प्रयोग राहिला. १९९८ ला मुंबईत मेयर-इन-कौन्सिल आणली होती. महापौर आणि त्याचं छोटं मंत्रिमंडळ कारभार बघणार, कलकत्त्यासारखं. वर्षभरात गुंडाळली. राज्य सरकार कुठल्याही रंगाचं असो, मुंबईचा महापौर सबळ झालेला मंत्रालयाला मानवत नाही, हे माझं वैयक्तिक मत. कारकून म्हणून नाही, करदाता म्हणून.

---

सावित्रीकाठ | २६ जानेवारी, दुपारी २.०५

धागा मुंबईला गेला तो परत घाटाखाली आणतो. नगराध्यक्षांचा इतिहास विचारलात आणि महाडचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला की सरकारी पैशावर चालणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. कायदेमंडळाचा ठराव हा तसा मुंबईतला कागद. गावात तो उतरायचा तर गावच्या पालिकेने मनावर घ्यायला हवं. महाड नगरपालिकेने घेतलं. १९२४ ला ठराव करून चवदार तळं खुलं केलं. पालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, गावात सुरबानाना. स्वतः सवर्ण, आणि महाडला परिषद घ्या म्हणून डॉ. आंबेडकरांना आग्रह करणाऱ्यांपैकी.

ठराव झाला तरी तळ्यावर कोणी गेलं नाही. प्रोसिडिंग बुकात तळं खुलं, प्रत्यक्षात बंद. २० मार्च १९२७ ला परिषदेचे लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. मला मात्र यातलं नेहमी टोचतं ते पुढचं पाऊल. ऑगस्ट १९२७ ला याच पालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. सभागृह तेच. हात वर करणारेही बरेचसे तेच असणार. सूचक, अनुमोदक, मंजूर.

डिसेंबरच्या परिषदेआधी दिवाणी कोर्टाने मनाई दिली. म्हणून लोक तळ्यावर गेले नाहीत, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. परिषदेला जागा कोणी देईना, ती दिली फत्तेखान यांनी. दावा चालत राहिला आणि हायकोर्टाचा निकाल आला मार्च १९३७ ला: तळं नगरपालिकेचं, म्हणजे सार्वजनिक, अडवण्याचा हक्क कोणाला नाही. त्याच वर्षी टिपणीस आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कायदेमंडळात निवडून गेले.

आता भाच्याला विचारा, छोटा महापौर का मोठा? मुंबईच्या कुठल्या महापौराच्या ठरावावरून देशाचा इतिहास असा फिरला? आणि त्याच वेळी हेही सांगा की अध्यक्ष सोबत असूनही सभागृहाने ठराव मागे घेतला. अध्यक्षाच्या मागे सभागृह नसेल तर तो तळ्याच्या पायरीवर उभा असलेला एक माणूस. माझ्या शाळेत चवदार तळं दरवर्षी शिकवायचे, पण तळं कोणाच्या मालकीचं आणि ठराव कोणी केला, हे बाईंनी कधी सांगितलं नाही. ते मला चाळिशीत कळलं.

---

परशुराम_घाट | २६ जानेवारी, २.३०

हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या तोडीचा. +१००.

---

आंबापोळी | २६ जानेवारी, ४.१२

मी एक टर्म नगरसेविका होते. कोकणातल्याच एका पालिकेत. नाव, पक्ष सांगत नाही, ओळखणारे ओळखतील आणि गप्प बसतील अशी आशा.

कारकूनकाकांनी नगराध्यक्षाचे अधिकार सांगितले ते पुस्तकातले. आमच्या टर्मला अध्यक्ष थेट लोकांतून आलेल्या, आणि सभागृहात बहुमत दुसऱ्यांचं. पहिल्या सभेपासून तमाशा. त्यांनी विषय ठेवायचा, आम्ही (हो, मीही) हात वर करून पाडायचा. आम्ही ठराव करायचा, त्यांनी कलम ३०८ खाली स्थगितीसाठी कलेक्टरकडे पाठवायचा. एक नाना-नानी पार्क चौदा महिने असं टोलवलं. झोपाळे येऊन गोडाऊनमध्ये गंजले. चूक कोणाची? दोघांची. त्यात माझीही.

दुसरी गोष्ट. अध्यक्ष बाई, पण फोन उचलायचे त्यांचे यजमान. सभेच्या दिवशी ते बाहेर पॅसेजमध्ये बाकावर बसायचे, आणि दर थोड्या वेळाने शिपाई चिठ्ठी घेऊन आत. पहिलं वर्ष असंच गेलं. एका सभेत टँकरच्या बिलावर चर्चा तापली, शिपाई चिठ्ठी घेऊन आला. बाईंनी ती न उघडता पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली आणि म्हणाल्या, "बोला, मी ऐकतेय." बिल त्यांनी अडवलं. त्यानंतर यजमान पॅसेजमध्ये दिसले नाहीत. मी विरोधी बाकावर होते, पण घरी जाऊन सासूबाईंना हे दोनदा सांगितलं.

१९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली, एक तृतीयांश जागा बायकांना आल्या. २०११ ला राज्यात निम्म्या झाल्या. सोडतीत चिठ्ठी निघाली म्हणून आलेल्या बाईला हसणारे पुष्कळ. आधीचे पुरुष कशातून आले होते ते कोणी विचारत नाही.

---

जुना_कारकून | २६ जानेवारी, ५.०२

आंबापोळी ताई, ग्लासाखालची चिठ्ठी मानली.

थेट का नगरसेवकांतून, या प्रश्नावर सरकारने नगरपरिषदांचा पार झोपाळा केलाय. १९७४ ला थेट. मग नगरसेवकांतून. २००१ ला परत थेट. २००६ ला नगरसेवकांतून. २०१६ ला थेट. २०२० ला नगरसेवकांतून. २०२२ ला पुन्हा थेट. नियमांचं पुस्तक बाइंडिंग करून यायच्या आत दुरुस्ती यायची. थेट आला की पाच वर्षं टिकतो पण सभागृहाशी भांडतो. नगरसेवकांतून आला की सभागृहाशी गोड असतो, पण सव्वा सव्वा वर्षाची वाटणी आणि सहलीला गेलेले नगरसेवक हे ओघाने आलंच. मला विचाराल तर थेट बरा. निदान शिव्या द्यायला एक पत्ता मिळतो.

---

रापण | २६ जानेवारी, ५.४०

पण काका, काम दिसतं ते सीओचं. वेंगुर्ल्याचं बघा. कचरा डेपोवर पूर्वी नाक दाबून जायचो, तिथे आता लोक फिरायला जातात. घरातच कचरा वेगळा करायचा, ओल्याचा गॅस आणि खत, प्लास्टिकचा भुगा रस्त्याच्या डांबरात. सगळ्या महाराष्ट्रात नाव झालं ते रामदास कोकरे या मुख्याधिकाऱ्यांचं. तेव्हाचा नगराध्यक्ष कोण, हे वेंगुर्ल्याबाहेर शंभरात एकाला सांगता येणार नाही.

---

जुना_कारकून | २६ जानेवारी, ६.१५

खरं आहे, आणि तरी अर्धं. सीओ बदलीचा माणूस, आज आहे उद्या पेणला. घराघरांत कचरा वेगळा न करणाऱ्याला दंड लावायचा ठराव सभागृहातून करून घ्यावा लागतो, आणि तो दंड अध्यक्षाच्या मतदाराला बसतो, सीओच्या नाही. पुढच्या निवडणुकीला शिव्या कोण खाणार? ज्या गावात अध्यक्ष त्या शिव्यांना तयार नसतो तिथे चांगला सीओ तीन महिन्यांत रजेवर जातो. मी दोन जाताना पाहिले.

---

नानूचो_झील | २६ जानेवारी, ६.२२

आणि दोघव नसतले तर? चार वर्सा आमच्याकडे अध्यक्ष नाय होतो, नगरसेवक नाय होते. अर्ज कोणाक देवचो? खिडकेतलो बाबलो म्हणता, प्रशासकाक भेटा. प्रशासक बुधवारी येता. बुधवार कधी येता?

---

आंबापोळी | २६ जानेवारी, ६.५०

नानूचो झील, हसता हसता डोळ्यात पाणी. २०१६ ला निवडून आलेल्या आमच्या भागातल्या पालिकांची मुदत २०२१ च्या शेवटी संपली. ओबीसी आरक्षणाचा खटला सुप्रीम कोर्टात, निवडणूक नाही. मे २०२५ ला कोर्टाने खडसावलं तेव्हा कुठे २ डिसेंबरला मतदान झालं, आणि निकाल २१ ला. मुंबईलाही मार्च २०२२ पासून महापौर नव्हता. त्या काळात महापौर आणि नगराध्यक्ष यांच्यात काहीच फरक उरला नव्हता, दोन्ही खुर्च्या सारख्याच रिकाम्या.

---

सावित्रीकाठ | २६ जानेवारी, ७.१०

एक प्रश्न कारकूनसाहेबांना. सभागृहात माजी अध्यक्षांच्या नावांचा फलक असतो ना, त्यावर प्रशासकाचं नाव लिहितात का?

---

जुना_कारकून | २६ जानेवारी, ८.०४

चांगलं विचारलंत. मी शेवटी जिथे होतो तिथे शिसवी चौकटीचा फलक होता, काळ्यावर सोनेरी अक्षरं. वरच्या तीन ओळी इंग्रज साहेबांच्या, नावाआधी 'मे.'. त्याखाली दोन रावसाहेब. मग वकील, डॉक्टर, एक लाकडाचा व्यापारी, एक होडीवाले. पहिली बाई पार तळाच्या बाजूला. पेंटर एकच, वडिलांमागून मुलगा. अक्षरावर पैसे घ्यायचा, म्हणून मोठ्या नावाच्या अध्यक्षांचं बिल मंजूर करताना सभागृहात हशा पिकायचा. एक अध्यक्ष पाचच महिने टिकले, त्यांचं नाव लिहून पूर्ण वाळायच्या आत दुसरे आले.

प्रशासक आले तेव्हा पेंटरला बोलावलं. तो शिडीवर चढला, ब्रश बुडवला आणि खाली वाकून मला म्हणाला, "नाव काय लिवू?" तेवढ्यात साहेबांची बदली झाल्याचा फोन आला होता. मी म्हटलं, नाव नको, नुसतं 'प्रशासक' लिही. "पासून लिवतंय, पर्यंत?" म्हटलं, पर्यंत मोकळं ठेव. मी निवृत्त झालो तेव्हा ती जागा मोकळीच होती.

---

मांडवीकर | २७ जानेवारी, सकाळी ८.३०

सगळ्यांना धन्यवाद. रात्री आईला आणि भाच्याला निम्मा धागा वाचून दाखवला. ग्लासाखालच्या चिठ्ठीला आई टाळी देऊन हसली. महाडच्या भागात पोरगा गप्प होता. मग विचारलं, "मग तळं कोणाचं होतं, नगराध्यक्षांचं?" म्हटलं, नाही रे, गावाचं.

मग त्याला आजीचा प्रेसिडेंट आठवला. तो कुठे राहायचा, आता त्यांच्या घरी कोण आहे? आई म्हणाली, "त्यांचाच नातू तो, ज्याच्याकडून आपण नारळ घेतो. काल तू त्याला 'काका, एक फुकट द्या' म्हणालास ना, तोच."

गाडी नऊची आहे. त्यांना स्टेशनला सोडून येतो, मग उरलेले प्रतिसाद वाचतो.

---

नानूचो_झील | २७ जानेवारी, ८.४१

आज पाणी इला. कोणाचो ठराव तां बघूक होया.